गाडी धुवायचा साबण: फेसाला भुलू नका

गाडी धुवायची म्हटलं की जे हाताशी सापडेल ते बादलीत पडतं. सिंकजवळचं भांड्यांचं लिक्विड, न्हाणीघरातला शाम्पू, नाहीतर कपड्यांच्या पावडरीची मूठभर. तिन्हींनी गाडी त्या दिवशी चकाचक दिसते, आणि फसगत होते ती इथेच. साबण चुकलाय हे कळायला सहा-आठ महिने जातात. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीच्या बॉनेटवर तिरपं ऊन पडलं की बारीक गोलगोल ओरखड्यांचं जाळं दिसायला लागतं, पाणी थेंबांत न राहता पसरतं, काचेच्या कडेचं रबर पांढुरकं पडतं.

साबणाकडून काय हवं

कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यालगत प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ. गाडीवरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कडक असतात. गाडीवर ओरखडे उठतात ते याच कणांनी. कापडाखाली कण अडकतो आणि आपण तो दाबून फिरवतो.

त्यामुळे गाडीच्या साबणाचं पहिलं काम मळ काढणं हे नाहीच. कण आणि रंग यांच्यामध्ये बुळबुळीत थर ठेवायचा, म्हणजे कण घासला न जाता सरकेल, हे पहिलं काम. तेलकट मळ सुटा करून पाण्यात तरंगत ठेवणं हे दुसरं. तिसरं म्हणजे नंतर साध्या पाण्यासरशी निघून जाणं, मागे काही न ठेवता. आणि हे सगळं करताना वर लावलेलं वॅक्स किंवा कोटिंग ओरबाडायचं नाही.

फेस या यादीत कुठेच नाही. फेस वाढवणारी द्रव्यं वेगळी घालता येतात, आणि स्वस्त शाम्पूत ती हमखास असतात, कारण गिऱ्हाईक फेस बघूनच बाटली उचलतं. चांगल्या शाम्पूला कधी फेस बेताचाच येतो, तरी हात मात्र पत्र्यावरून सटकन सरकतो.

घरातले पर्याय, एकेक करून

कपड्यांची पावडर साफ नको. तिच्यात धुण्याचा सोडा असतो आणि तिच्या पाण्याचा पीएच (७ म्हणजे न्यूट्रल, त्याखाली आम्ल, वर अल्कली) १० च्या आसपास किंवा वर जातो. न विरघळलेले दाणे कापडात अडकतात ते वेगळंच. वॅक्स उतरतं, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर आणि अलॉय चाकांवर डाग पडू शकतात.

भांड्यांचा बार त्याहून वाईट. करपलेली कढई निघावी म्हणून त्यात खनिजांची पूड घातलेली असते. ती घासण्यासाठीच आहे, आणि क्लिअर कोटवरही ती तेच करते.

भांड्यांच्या लिक्विडवरून वाद फार होतात. त्याचा पीएच बहुतेक वेळा ७ च्या जवळपास असतो, म्हणून ‘सौम्य आहे, चालतं’ असं सांगणारे भेटतात. रंग त्याने जळत नाही हे खरं. पण ते बनवलंय तूप-तेल सोडवायला, आणि वॅक्सही त्याच जातीचं. दर रविवारी ते वापरलं तर वॅक्स टिकत नाही. शिवाय त्यात बुळबुळीतपणा बेताचा, आणि घट्टपणासाठी बऱ्याचदा मीठ घातलेलं. वर्षातून एकदा, नवीन वॅक्स लावण्याआधी जुनं काढून टाकायचं असेल, तेव्हा मात्र हेच लिक्विड कामाला येतं.

अंगाच्या वडीचा साबण हा खरा साबण, म्हणजे तेल आणि कॉस्टिक यांपासून बनलेला. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की चिकट पांढरा साका तयार होतो. बोअरच्या पाण्यावर अंघोळ करणाऱ्यांच्या बादलीला आतून जो थर चढतो, तोच. गाडीवर तो काचेवर आणि दाराच्या फटींत बसतो. म्हणूनच गाडीसाठीच्या चांगल्या शाम्पूत हा साबण नसतो, सिंथेटिक द्रव्यं असतात.

केसांचा शाम्पू अडीअडचणीला चालेल, पण कंडिशनरवाला नको. त्यातलं सिलिकॉन पुढच्या काचेवर बसतं आणि पहिल्या पावसात वायपर फिरला की धूसर पट्टे उठतात.

डिझेलचा किंवा रॉकेलचा बोळा फिरवून चकाकी आणायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. ती चकाकी म्हणजे तेलाचा थर. संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ चिकटते, आणि रबर फुगतं.

बाजारातल्या बाटल्या

तुमच्या गाडीवर आत्ता काय आहे, यावर निवड ठरते. काहीच नसेल किंवा साधं वॅक्स असेल, तर ‘पीएच न्यूट्रल’ लिहिलेला साधा कार शाम्पू घ्या. थ्रीएम, मेग्वायर्स, टर्टल वॅक्स, वेवेक्स अशा कंपन्यांचे मिळतात. बहुतेकांना एवढाच पुरतो.

‘वॉश अँड वॅक्स’मध्ये कार्नोबा (एका पाम झाडाच्या पानांचं) वॅक्स किंवा पॉलिमर मिसळलेलं असतं. ते पातळ थर मागे ठेवतं आणि तो थर एक-दोन धुण्यांपुरता टिकतो. वेगळं वॅक्स लावायचा कंटाळा असणाऱ्यांना ठीक. पण गाडीला सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर हा घेऊ नका. कोटिंगवर वॅक्सचा थर बसला की पाणी पूर्वीसारखं घरंगळत नाही, आणि मालकाला वाटतं कोटिंग गेलं. कोटिंगवाल्याने साधा न्यूट्रल शाम्पूच वापरावा. मॅट रंगाच्या गाडीलाही चकाकी देणारं काहीही नको, नाहीतर मधेमधे तुकतुकीत चट्टे दिसतात. तिच्यासाठी ‘मॅट’ असं स्पष्ट लिहिलेला शाम्पू मिळतो.

स्नो फोम हा धुण्याआधीचा पहिला हात आहे, धुण्याचा शाम्पू नव्हे. तो प्रेशर वॉशरच्या फोम कॅननमधून, म्हणजे फेस उडवणाऱ्या बाटलीतून मारतात, पाच मिनिटं ठेवतात आणि जोरात पाणी मारून काढतात. प्रेशर वॉशर नसेल तर त्यावर पैसे घालू नका.

रिन्सलेस वॉश हा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणि उन्हाळ्यातल्या पाणीटंचाईसाठी चांगला पर्याय. एक बादली पाणी, त्यात थोडा द्रव, आणि नंतर धुवायची गरज नाही. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाडी धुतल्यास ५००० रुपये दंड लागू झाला होता. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांनाही अशी बंदी नवी नाही. पण रिन्सलेस फक्त धुळीसाठी. चिखलाने माखलेली गाडी त्याने पुसायला गेलात तर ओरखडे ठरलेलेच.

राहिला सुटा शाम्पू, पाच लिटरच्या कॅनमधला. हा बऱ्याचदा ॲसिड स्लरीत (डिटर्जंटचा आम्ल कच्चा माल) कॉस्टिक आणि मीठ घालून बनवलेला असतो. कॉस्टिक जास्त पडलं तर तो अल्कली होतो, कमी पडलं तर आम्ल राहतो, आणि दर खेपेला माल वेगळा निघू शकतो. घेणार असाल तर आधी तपासा.

घरच्या घरी तपासणी

पीएच बघायला हळद पुरते. अर्धा चमचा हळद दोन चमचे सॅनिटायझरमध्ये कालवा. पाण्यात हळदीचा रंग नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो. पांढऱ्या टीपकागदावर हे पाणी फासून वाळवा. मग शाम्पू बादलीत घालणार त्याच प्रमाणात पातळ करून त्याचा एक थेंब कागदावर टाका. शेजारी नुसत्या नळाच्या पाण्याचा थेंब, आणि ताडून बघायला कपड्यांच्या पावडरीच्या पाण्याचा. पावडरीचा थेंब लगेच तांबडा-तपकिरी होईल. पीएच साधारण साडेआठच्या वर गेला की हळद रंग बदलते. शाम्पूचा थेंब पिवळाच राहिला तर अल्कलीची भीती नाही. आम्ल मात्र हळदीला ओळखता येत नाही, त्यासाठी शाळेच्या साहित्याच्या दुकानातला निळा लिटमस लागतो. तो लाल झाला तर शाम्पू आम्ल आहे.

दुसरी तपासणी अवशेषांची. आरशाच्या तुकड्यावर किंवा काळ्या टाइलवर पातळ केलेल्या शाम्पूचा थेंब आणि शेजारी त्याच पाण्याचा साधा थेंब ठेवा, सावलीत वाळू द्या. बोअरच्या पाण्याचा डाग तसाही पडणारच, म्हणून साधा थेंब हवा. शाम्पूचा डाग त्याच्याहून बराच दाट, पांढरा आणि खरखरीत निघाला तर त्यात मीठ भरपूर आहे.

तिसरी हाताने. पातळ केलेल्या पाण्यात बोटं बुडवून धुतलेल्या काचेवर फिरवा. बोट अडखळलं, चिर्र आवाज आला, तर वंगण कमी. दोन मिनिटांनी पुन्हा फिरवा. काही शाम्पू फेस असेपर्यंतच सरकतात.

पाणी कसलं आहे

याचा विचार फार थोडे लोक करतात. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात शाम्पूची ताकद कॅल्शियमशी झगडण्यातच जाते, म्हणून लेबलवरच्या प्रमाणातला वरचा आकडा धरावा लागतो. नळाचं पाणी मऊ असेल तिथे खालचा पुरतो.

आरओचं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. त्या पाण्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. चाकं, पायदाणं, पहिली धूळ यांसाठी ते जरूर वापरा, शेवटच्या पाण्याला नको. शेवटच्या पाण्यासाठी उत्तम ते एसीच्या नळीतून ठिबकणारं. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रात्रभरात काही लिटर सहज जमतं. फडक्यातून गाळून घ्या. पावसाचं पाणीही तसंच.

प्रमाण

लेबलवर १:४०० असेल तर १० लिटर पाण्याला २५ मिली, १:२०० असेल तर ५० मिली. रिन्सलेसचं प्रमाण बहुधा १:२५० च्या आसपास असतं, म्हणजे १० लिटरला ४० मिली. बुचाने मोजू नका, प्रत्येक बाटलीचं बूच वेगळं. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं १० मिलीचं माप गाडीच्या सामानात ठेवून द्या. घरातली बादली १० लिटरची नसतेच बहुतेक. लिटरच्या बाटलीने एकदा दहा वेळा पाणी ओतून मार्करने आतून रेघ मारा.

जास्त शाम्पू घातला म्हणून जास्त स्वच्छ होत नाही, फक्त धुवायला पाणी जास्त लागतं. किंमतही धुण्यामागे काढा. ४०० रुपयांची ५०० मिलीची बाटली २५ मिलीप्रमाणे वीस वेळा जाते, म्हणजे वेळेला २० रुपये. १५० रुपयांच्या लिटरभर सुट्या शाम्पूतून प्रत्येक वेळी १०० मिली ओतावा लागला तर वेळेला १५ रुपये पडतात. फरक पाच रुपयांचा!

धुण्याची रीत

१. गाडी सावलीत, बॉनेट हाताला गार लागेल तेव्हा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळला की डाग तिथेच बसतो.

२. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची. दोन्हींच्या तळाशी जाळी हवी. तयार जाळी महाग वाटत असेल तर भाजी धुवायची प्लॅस्टिकची चाळणी उपडी ठेवा. रेती खाली बसते आणि कापड तिच्यापर्यंत पोचत नाही.

३. शाम्पू आधी, पाणी नंतर. शेवटचे दोन लिटर उंचावरून सोडा.

४. चाकं सगळ्यात आधी, वेगळ्या कापडाने आणि वेगळ्या पाण्याने. ब्रेकची काळी पूड लोखंडाची असते, ते कापड पुन्हा रंगावर कधीही लावायचं नाही. अलॉयला फरशीचं ॲसिड लावू नका.

५. आता वरून खाली साधं पाणी सोडून धूळ भिजवा. हात लावू नका. कोकणात, गोव्यात जांभ्याची लाल माती बसली असेल तर एकदा भिजवून दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा पाणी सोडा. ही माती फार बारीक असते, कोरडी पुसली तर पांढऱ्या गाडीवर फिकट तांबूस छटा राहून जाते.

६. मायक्रोफायबरचा मिट (हातात घालायचा धुण्याचा मोजा) किंवा जाड मऊ कापड घ्या. साधा सपाट स्पंज नको, त्यात कण आत जायला जागा नसते, ते पृष्ठभागावरच राहतात. छत, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर. सरळ रेषेत, हाताच्या वजनाइतकाच दाब. एक भाग झाला की मिट साध्या पाण्यात पिळा, मगच पुन्हा शाम्पूत.

७. अर्धी गाडी झाली की तेवढी धुऊन घ्या. पूर्ण गाडीला शाम्पू लावून मग पाणी शोधायला जाऊ नका.

८. शेवटचं पाणी नळीचं तोंड काढून, जोर न लावता, वरून सोडा. पाण्याचा एकसंध पडदा खाली उतरतो आणि थेंब बरेचसे सोबत नेतो.

९. वाळवायला मोठा जाड टॉवेल, ६०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) पुढचा. पसरून ठेवायचा आणि ओढायचा, घासायचा नाही. आरसे, दारांची हँडलं, पेट्रोलच्या टाकीचं झाकण इथून पाणी नंतर गळतं, तिथे दुसरा हात फिरवा.

कापडं धुताना फॅब्रिक कंडिशनर घालू नका. मायक्रोफायबरचे धागे त्याने गुळगुळीत होतात आणि पाणी शोषायचं थांबतं.

सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणारे एकाच बादलीत, एकाच फडक्याने आठ-दहा गाड्या करतात. त्यांना चांगला शाम्पू आणून देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा रोजचं कोरडं पुसणं बंद करा, फक्त काचा पुसायला सांगा. रंगाचं आयुष्य वाढेल, त्यांचाही वेळ वाचेल.

जिथे शाम्पूचं चालत नाही

कबुतरांची शीट आम्ल असते आणि उन्हात काही तासांतच क्लिअर कोटवर खूण पाडू शकते. ओलं फडकं दहा मिनिटं त्यावर घालून ठेवा, मग उचलून घ्या. नखाने खरवडू नका.

मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली लावलेल्या गाडीवरचा चिकटपणा बहुधा तुडतुड्यांचा असतो. ती साखर आहे, कोमट पाण्याने सुटते. तसाच राहिला तर त्यावर काळी बुरशी धरते आणि मग काम वाढतं.

समृद्धी महामार्गावरून रात्रीचा प्रवास झाला की बंपरवर किड्यांचा थर बसतो. शाम्पूच्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावर पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवा, घासावं लागत नाही. डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर, नसेल तर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, पुसा, आणि ती जागा लगेच शाम्पूने धुवा. पीपीएफ, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म, लावलेल्या गाडीवर रॉकेल किंवा थिनर नको.

दसऱ्याला बॉनेटवर लावलेलं हळदीचं बोट दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या पावडरीने घासलं की लालभडक होतं. कुंकू पसरलं असं वाटून लोक आणखी जोरात घासतात. खरं तर पावडरीतल्या सोड्याने हळदच लाल झालेली असते. साध्या पाण्याने सोडा काढा, डाग पुन्हा पिवळा होईल. न्यूट्रल शाम्पूने हलक्या हाताने धुवा आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडा, दोन-चार दिवसांत तो उडतो. कुंकवाचा डाग मात्र उन्हाची वाट न बघता त्याच संध्याकाळी काढलेला बरा.

बिघडलं तर

वाळल्यावर पांढरे गोल डाग उरले तर ते बहुतेक पाण्याचे क्षार, शाम्पू नव्हे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन कापडाने लावा, मिनिटभराने भरपूर पाण्याने धुवा. आधी एका कोपऱ्यात करून बघा. नखाला खळगा लागला तर डाग आत उतरलाय, तिथे पॉलिश लागेल.

मिटवर गाडीचा रंग आला तर घाबरू नका. जुन्या गाड्यांना, किंवा स्थानिक पेंटरकडून रंगवलेल्या काही गाड्यांना, वरचा क्लिअर कोट नसतो. तिथे कुठल्याही शाम्पूने थोडा रंग सुटू शकतो. अशा गाडीला वॅक्स लावून ठेवणं जास्त गरजेचं.

बाटली डिकीत ठेवू नका. उन्हाळ्यात तिथल्या उष्णतेने शाम्पूचे थर वेगळे होतात, वॉश अँड वॅक्सचे तर हमखास. वर पाणी, खाली साय असं दिसलं तर जोरात हलवा. पाच मिनिटांत पुन्हा फाटला तर तो चाकांसाठी बाजूला काढा आणि रंगासाठी नवा आणा.